अंजनाबाईचे दोन दगड

अंजनाबाई नव्या माणसाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तिचा पहिला सवाल एकच असतो.

"तुमचं दळण कोणत्या गिरणीचं?"

समोरच्याला वाटतं बाई गंमत करते. बाई गंमत करत नाही. घरात पीठ असलं तर चिमूटभर मागून घेते, अंगठा आणि शेजारचं बोट यांत चोळते, आणि मग ती चिमूट कानाशी नेते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो. डोळे मिटून ऐकते. पीठ ऐकणारं दुसरं माणूस मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलं नाही.

"बोलंना गेलंय," म्हणते. "दगड तापलाय त्याचा. भाकरी थापताना चिरा पडून राहिल्या असतील, व्हय का न्हाई?"

घरची बाई हळूच मान हलवते. चिरा पडतच असतात.

आणि हे सगळं ओरडून. अंजनाबाईला हळू बोलता येत नाही. तीस वर्षं गिरणीत गेली. तिथं पट्ट्याची फटफट, मोटरीची घरघर, दगडाची घुरघुर. त्या तिघांच्या वर आवाज काढायची सवय लागली. गिरणी गेली, सवय राहिली. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ती किरायानं राहते, आणि सकाळी देवापुढं बसून ती काय मागायची ते समोरच्या हॉस्टेलातल्या सगळ्या पोरींना पाठ आहे.

"देवा, एक गाळा दे! रस्त्याला दे! अन मालक जरा अकलेचा दे!"

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं कुणी मास्तर लिहितोय. मी मूळचा जळकोटकडचा. शाळा चौथीपर्यंत. चौथीत बसलो होतो एवढं खरं, पास झालो असं म्हणणार नाही. लातूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं हमाली केली. पोतं पाठीवर आलं की आत तूर आहे का हरभरा हे मला पाठ सांगायची, शिवण उसवायची गरज नसायची. त्याच पाठीवर मी लातुरात चार खोल्या बांधल्या. तेव्हा या भागात ज्वारी उभी असायची, संध्याकाळी यायला भ्या वाटायचं. आता ज्वारीच्या जागी हॉस्टेलं उभी आहेत. गावोगावची लेकरं डॉक्टर व्हायला येतात, क्लासच्या पाट्यांनी आभाळ झाकलंय, आणि रस्त्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीचा किराया ऐकला की शहाणा माणूस दोन पावलं मागं सरकतो.

अंजनाबाई सरकली नाही. म्हणून हे लिहितोय.

तीन वर्षांखाली ती टेम्पोतून आली. सामान म्हणजे एक पेटी, एक स्टीलचा डबा आणि गिरणीचे दोन दगड. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. दगड उतरवायला चार माणसं लागली. मी जुना हमाल, मला राहवलं नाही, म्हणून मी सांगायला लागलो, "असं धरा, तसं टेकवा."

बाई टेम्पोवरून ओरडली, "तात्या, पोतं न्हाई त्ये! पडलं तर शिवता येत न्हाई!"

पहिल्याच दिवशी मला, मोंढ्यातल्या माणसाला, ओझं शिकवलं. मी मनात धरून ठेवलं.

दगड अंगणात बदामाच्या झाडाखाली एकावर एक ठेवले. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन त्यांच्यावर टेकलो. माझं अंगण, माझं झाड, मी कुठं बसायचं ते मी ठरवणार.

"उठा!"

"कामून?"

"वरच्या दगडावर बसत नसत्यात, तात्या."

"मग वरचा काढा. मी खालच्यावर बसतो."

"खालच्यावर वरचा बसतो. तुमाला जागा न्हाई."

आमची कारभारीण दारात उभी राहून हसली. सत्तरीची बाई, तोंडाला पदर लावून हसली. मी उठलो, पण चहा तिथंच उभ्यानं संपवला. पूर्ण संपवला.

हळूहळू कळत गेलं. तिचं गाव कंधार तालुक्यातलं. नवऱ्यानं गिरणी टाकली होती, आधी इंजिनावरची, मग विजेवरची. तो पट्टा सांभाळायचा, ही दळायची. तो गेल्यावर हिनं एकटीनं बारा वर्षं चालवली. पण गिरणीची खोली दिराच्या नावावर. दिराला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. तो म्हणाला, "वैनी, गिरणीचे दिवस गेले. घरोघर छोट्या चक्क्या आल्या. तुमचं काय असंल ते घेऊन जावा."

हिनं विचारलं, "दगड माझे?"

"हाव, घ्या की," तो म्हणाला आणि हसला. विधवा बाई दगड घेऊन जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. दिराचं हसू तेवढं तिथंच राहिलं असंल, बाकी जे तिचं होतं ते लातूरला आलं. मोटर, सांगाडा सगळं भंगारात घातलं. "मशीन कुठंबी मिळती," म्हणते. "दगड हाताला आलेला लागतो. दगडाबिगर गिरणी म्हंजे नुस्ता आवाज."

"पण लातूरच का?" मी विचारलं. "कंधारला टाकायची. किराया कमी."

"कमी किरायात कुणीबी गिरणी टाकंल, तात्या. अन मला सांगा, एवढी लेकरं जितं जेवायला बसत्यात तितं पीठ लागंल का न्हाई?"

मी म्हणालो, "बघू."

तिचे दोन बोल आमच्या घरात आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. काम हातात घेतलं की म्हणणार, "पट्टा चढला. आता थांबत न्हाई." आणि अडून बसणारा माणूस भेटला की म्हणणार, "याला टाकी लावायला पायजे." गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत होतो, मग दाण्यावरनं नुसता घसरतो, दळत नाही. तेव्हा छिन्नी-हातोडी घेऊन त्याला खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. अंजनाबाईच्या मते या शहरात निम्मी माणसं टाकीला आलेली आहेत. हे ती त्यांच्या समोर सांगते.

गाळे बघायला मी तिच्याबरोबर जायचो. तिला गरज होती असं नाही. पण एकटी बाई बघितली की गाळेवाला बसा म्हणत नाही, आणि लातूर मला पाठ आहे. पहिला गाळा एका नव्या इमारतीत होता. मालक सोफ्यावर बसलेला, गळ्यात साखळी, हातात दोन फोन. डिपॉझिट ऐकून मी भिंतीला हात लावला. अंजनाबाईनं भिंतीला हात लावला तो भिंत बघायला.

"कशाचं दुकान?" मालकानं विचारलं.

"गिरणी."

तो असा बघायला लागला की जणू बाईनं म्हशी बांधायच्या म्हटलंय. "मावशी, इथं डिसेंट धंदे आहेत. मोबाइल कव्हर, ज्यूस, मोमो. गिरणीचं पीठ उडतं. भिंती पांढऱ्या होतात."

"मग चांगलं हाय की! चुना फुकट!"

"आवाज होतो."

"तुमच्या फोनचा होऊन राहिलाय त्येवढाच हुईल!"

"मावशी, जमणार नाही."

अंजनाबाई माझ्याकडं वळली आणि कानात सांगितल्यासारखं सांगितलं, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, "तात्या, गुळगुळीत झालाय. टाकी लावायला पायजे."

असे अकरा गाळे झाले. एकाला गिरणी चालत होती पण बाई चालत नव्हती. एकाला दोन्ही चालत होतं पण जामीन म्हणून सरकारी नोकरीतला माणूस पाहिजे होता. "गिरणीला नोकरदार कशाला?" तिनं विचारलं. "त्यो दळणार हाय का?" एकानं वर्षाचा किराया आगाऊ मागितला, आणि अकरा महिन्यांनी खाली करायचा कागद पुढं केला. मला वाचायला वेळ लागतो, पण हिशेब मला येतो. मी म्हणालो, "हा बारावा महिना गिरणी काय रस्त्यावर चालवायची?" तो म्हणाला, "पद्धत आहे बाबा." शहरात ज्याला कारण नसतं त्याला पद्धत म्हणतात.

मग एका कचेरीत गेलो, परवान्याची चौकशी करायला. कोणती कचेरी ते सांगत नाही, तिथला कारकून बिचारा सज्जन होता. फॉर्म भरून घेत होता. "व्यवसायाचा अनुभव?"

"तीस वर्षं."

"पुरावा लागेल काहीतरी."

अंजनाबाईनं डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी निम्मीच आहे. पट्ट्यात गेली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी.

"ह्यो पुरावा," ती म्हणाली. "झेरॉक्स काढायची तर काढा."

कारकून उठून उभाच राहिला. आजूबाजूची कामं थांबली. त्यानं पाणी दिलं, चहा सांगितला, आणि म्हणाला, "मावशी, अनुभवाचं मी बघतो. पण जागेचा कागद नसेल तर माझ्या हातात काही नाही. आधी जागा आणा."

म्हणजे फिरून सगळं जागेवर आलं.

आता एक गोष्ट मी इतका वेळ लिहिली नाही. लिहायला जड जाते. माझ्या घराची पुढची खोली रस्त्याला आहे. दहा बाय बारा. शटर आहे. आत पोती उचलायचे माझे जुने आकडे, एक वजनकाटा आणि रिकामी पोती, बाकी काही नाही. ती खोली मी बंद ठेवली होती. एक एजंट दर आठवड्याला यायचा, मोमोवाल्यासाठी मागायचा. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणायचा, "तात्या, देऊन टाका. घरबसल्या पैसा आहे." मी एजंटाला हो म्हणालो नाही, कारण एजंट मला बाबा म्हणतो आणि बोलताना फोनकडं बघतो. पण अंजनाबाईलाही ये म्हणालो नाही. का? तिनं मागितली नाही म्हणून. आम्ही अकरा गाळे हिंडलो ते रोज त्याच शटरसमोरून निघून. तिनं एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही. मला वाटायचं, बाईनं एकदा तोंडानं मागावं, मग मी बघू म्हणीन. ती मागंना. मी देईना. मी गाळेवाल्यांना नावं ठेवत होतो, आणि बारावा गाळेवाला मीच होतो.

या सगळ्यात तिचा तो स्टीलचा डबा. रोज दुपारी तीन वाजले की डबा घेऊन निघायची आणि दिवस मावळायच्या आत यायची. दळण आणायला जाते, असं सांगायची.

कारभारीण म्हणाली, "अहो, एकट्या बाईला रोज दळण? खाते किती?"

"तू गिन तिच्या पोळ्या," मी म्हणालो.

"गिनल्या. दोन."

मग अंजनाबाईच्या आतेबहिणीकडं लग्न निघालं आणि ती दोन दिवस गावाला गेली. जाताना खोलीची किल्ली कारभारणीकडं देऊन गेली. त्याच दिवशी आमच्याकडं पाहुणे आले आणि घरातलं पीठ संपलेलं. जवळची गिरणी म्हटलं तरी क्लासच्या चौकाच्या पल्याड. कारभारणीनं मागच्या खोलीतल्या डब्यातनं एक वाटी पीठ आणलं. "आल्यावर दोन वाट्या देईन," म्हणाली.

पोळ्या झाल्या त्या रबराच्या झाल्या. पाहुणा ओढतो, पोळी लांबते, तुटत नाही. पाहुणा माझा व्याही. तो म्हणाला, "लातूरच्या पाण्याचा गुण असंल."

कारभारीण रडायच्या घाईला आली. चाळीस-पन्नास वर्षांत तिची पोळी अशी झाली नव्हती. मी आत गेलो, वाटीत उरलेलं पीठ चिमटीत घेतलं. चोळलं. बोटांना काही लागलंच नाही, पावडरीसारखं निसटलं. मग, कोणी बघत नाही असं बघून, चिमूट कानाशी नेली.

आता खरं सांगतो, पीठ बोलतं. मी तिची चेष्टा करायचो, पण घरच्या ज्वारीचं पीठ मी नंतर ऐकलंय, बारीक करकर असते त्याला, पायाखाली कोरडी वाळू असावी तशी. हे पीठ मात्र मुकं होतं. अजिबात आवाज नाही. दगडाखालनं एकदा गेलेलं पीठ असं होत नाही. दोनदा गेलेलं पण नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला आणि चौकापल्याडच्या गिरणीत गेलो. डबा बघून गिरणीवाला म्हणाला, "मावशी कुठाय? आज सोमवार. तिचा वार."

"कसला वार?"

"सोमवारी येती की. दळलेलंच आणती. म्हणती, अजून बारीक करा. मी म्हणलं मावशी, याचा चिखल हुईल. तर म्हणती, करा तुमी. अन घाई न्हाई म्हणती, डबा मागं लावा. सगळ्या बायांचं झालं की तिचं. तवर बसती त्या ओट्यावर, बायांशी बोलत. कुणाचं पीठ कसं, कुणाची सून कशी. बाया बी थांबत्यात तिच्यासाठी. पैसे मातर पुरे देती हां. एकदा म्हणलं राहू द्या, तर माझ्या दगडाला नावं ठिवली."

मी पुढच्या गिरणीत गेलो. तिथं तिचा मंगळवार होता.

पायी जाता येतील अशा सात गिरण्या आहेत आमच्या भागात. मी चारपर्यंत गेलो. पुढच्या तीन विचारायची गरज वाटली नाही. तीन वर्षं ही बाई डबाभर तेच ते पीठ घेऊन लातूरभर रांगेत उभी राहत होती. रांग पुढं सरकली की डबा मागं लावत होती.

डबा होता तिथं ठेवला. वाटीभर पीठ कमी झालेलं तिला कळणार हे मला माहीत होतं. ती आली, डबा उघडून बघितला आणि झाकण परत लावलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तिला पुढच्या खोलीसमोर उभं केलं आणि शटर वर केलं. गंजलेलं होतं, मोठ्यानं किंचाळलं.

"ही घ्या," मी म्हणालो. "गिरणी टाका."

तिनं माझ्याकडं अशी नजर लावली की जणू पोत्यात भेसळ आहे का बघतेय. "का?"

दया आली म्हणून, असं म्हटलं असतं तर तिनं त्याच रात्री टेम्पो बोलावला असता. मी म्हणालो, "आमच्या मंडळीला दळणाला लांब जावं लागतं. गुडघे दुखतात तिचे."

"मला नका मधी घालू," आतून कारभारीण.

"किराया?" अंजनाबाईनं विचारलं.

मी आकडा सांगितला. ती भडकली. "यवढा कमी? मी काय भिकारी हाय व्हय? एजंट तुमाला किती देऊन राहिला ते मला ठावं हाय, तुमी फोनवर वरडता! त्येवढा घ्या!"

"माझी खोली, किराया मी ठरवणार!"

"माझी गिरणी, किराया मी देणार!"

समोरच्या हॉस्टेलच्या खिडक्यांत पोरी जमल्या. भाडेकरू किराया वाढवून मागतोय आणि मालक कमी करतोय, असं भांडण लातुरात कधी झालं नसंल. शेवटी कारभारीण बाहेर आली आणि म्हणाली, "एजंटाच्या निम्मा. दोघं बी गप बसा." तिथं मिटलं. पण बाईनं एक अट घातलीच, की आमचं दळण फुकट होणार नाही. "फुकटात दगड फिरतो, तात्या, बरकत फिरत न्हाई."

मुलाचा फोन आला. "तात्या, येडे झालात का? मोमोवाला किती देत होता!"

मी म्हणालो, "खोली माझ्या पाठीवर बांधलीय. पाठ तुला दिली की खोली बी देईन." आणि फोन ठेवला. ठेवताना बटण सापडत नव्हतं, म्हणून जरा वेळ लागला, पण ठेवला.

जागा मिळाली म्हणजे सुटलो असं मला वाटलं होतं. जागा हा पहिला दगड निघाला. विजेची जास्तीची जोडणी पाहिजे, त्याला घरमालकाचा कागद. माझ्या कागदावर माझं नाव एका मात्रेनं वेगळं, ते बदलायला वेगळा कागद. त्यात दोन महिने गेले. बाईनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि जुनी मोटर आणि सांगाडा घेतला. वर शेजाऱ्यांची ना-हरकत. समोरच्या हॉस्टेलचे सर काही सही करीनात.

"आजी, मुली अभ्यास करतात. आवाज कसा चालेल?"

"तुमच्या पोरी दिवसा कुठं असत्यात?"

"क्लासला."

"कवा जात्यात, कवा येत्यात, ते लिहून द्या. पोरी क्लासात बसल्या की मी पट्टा चढवीन. पोरी आल्या की उतरवीन. तुमच्या घंटीवर माझी गिरणी. मग?"

सर विचारात पडले. तेवढ्यात एक पोरगी जिन्यावरून म्हणाली, "सर, करा सही. आजींच्या पूजेपेक्षा गिरणीचा आवाज कमीच असेल."

सर हसले आणि तिथं सही झाली. ती पोरगी निलंग्याकडची, घरची ज्वारीची भाकर मिळत नाही म्हणून वाळून गेलेली. अंजनाबाईनं तिला तिथंच विचारलं, "तुमच्या मेसचं पीठ कोणत्या गिरणीचं?"

टाकी तिनं स्वतः लावली. माणूस बोलावू म्हटलं तर म्हणाली, "माझ्या दगडाला दुसऱ्याचा हात नको." अंगणात पोतं अंथरून बसली, डोळ्यांना नवऱ्याचा जुना चष्मा, एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी. तीन दिवस टकटक. पोरी फोनवर फिल्म काढत होत्या. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. दगडावर बसायचं मी केव्हाच सोडलं होतं.

"तात्या," ती एकदम म्हणाली, छिन्नीवरनं नजर न काढता, "तुमाला वाटत असंल, हिनं खोली कामून मागितली न्हाई."

"मला कशाला वाटतंय?"

"मी मागितली असती अन तुमी न्हाई म्हणला असता, तर मागची खोली सोडावी लागली असती मला. रोज तोंड कसं दाखवायचं?" टक, टक. "गाळे काय, दुसरे बी असत्यात."

मी डोळे पुसले. दगडाची कच उडून डोळ्यात गेली होती.

गिरणी सुरू करायच्या दिवशी सकाळी सगळे कागद भिंतीला लावायचं ठरलं. परवाना, शेजाऱ्यांच्या सह्या, क्लासचं वेळापत्रक. बाईचं म्हणणं, जो कोणी विचारायला येईल त्याला भिंत दाखवायची. मी चिकटपट्टी आणली होती.

"ती पावसाळ्यात सुटती," अंजनाबाई म्हणाली. "खळ करू."

मागच्या खोलीत गेली आणि तो स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण काढलं आणि सगळं पीठ कारभारणीच्या पातेल्यात उपडं केलं.

"अगं बाई, येवढ्या पिठाची खळ?" कारभारीण म्हणाली. "आठ दिवसांच्या पोळ्या झाल्या असत्या की!"

अंजनाबाई पातेल्यात पाणी ओतत होती. माझ्याकडं एकदा बघितलं, मग पातेल्यात.

"त्याच्या पोळ्या होत न्हाईत, आक्का," ती म्हणाली.

हळू म्हणाली. इतकी हळू की समोरच्या खिडकीत एका पोरीनंसुद्धा मान वर केली नाही. तीन वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. असा आवाज तिच्याकडं आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

कारभारणीला पोळ्या आठवल्या असाव्यात. ती पातेल्यात पळी फिरवत राहिली. मी म्हणालो, "घट्ट करा जरा," आणि बाहेर जाऊन भिंत पुसली.

खळ झाली ती अशी की पळी उभी राहील. आम्ही तिघांनी कागद डकवले. मग पोरी क्लासला गेल्या, तिनं पट्टा चढवला, आणि लगेच तिचा खरा आवाज परत आला.

"कुणाचा डबा पुढं हाय? बोला! अन तुमच्या सुनेचं काय झालं त्ये आधी सांगा, मग दळते!"

रांगेत सात-आठ बाया होत्या. त्यांतल्या काही चौकापल्याडनं आल्या होत्या, सोमवारच्या.

एजंट अजून येतो. गिरणी चालायची नाही, अशी त्याची खात्री आहे. परवा आला आणि बोलता बोलता, फोनकडं बघत, परवान्याचा कोपरा नखानं उचकटायला लागला. नख तुटलं. कोपरा हलला नाही.

"कशानं चिकटवलंय, बाबा?" तो म्हणाला.

"पिठानं," मी म्हणालो. "सात गिरण्यांचं हाय."